झेनचा भोपळा

गाडी मूळची माझ्या मावसभावाची. आम्ही सगळे त्याला अप्पा म्हणतो. लहानपणी पोलिओने त्याचा डावा पाय लुळा पडला. काठी घेऊन तो चालतो, जिने चढतो, पण क्लच दाबायला लागतो तेवढा जोर त्या पायात नाही. नव्वदीच्या दशकात अशा माणसाला पुण्यात स्वतःची गाडी स्वतः चालवायची असेल तर दोन वाटा होत्या. साधी गाडी घेऊन तिचा क्लच हाताने ओढता येईल असा दांडा मेकॅनिककडून बसवून घ्यायचा, नाहीतर मारुतीने झेन ऑटोमॅटिकमध्ये काढली होती ती घ्यायची. तीन गिअर, आपले आपण पडणारे, आणि पायाशी दोनच पॅडल. अप्पाने ऑटोमॅटिक घेतली. तेव्हा लोक अशा गाडीला हसायचे. ॲव्हरेज देत नाही, ओव्हरटेकला दम नाही, बिघडली तर दाखवायची कुणाला? अप्पाचं उत्तर ठरलेलं असायचं: "दोन्ही पाय धड आहेत त्यांनी ॲव्हरेज मोजावं."

त्या गाडीने त्याने पुणं पालथं घातलं. दर नवरात्राच्या आधी तुळजापूरला येऊन दर्शन, मग आमच्याकडे धाराशिवला मुक्काम. पुढे 2014 साली मारुतीने सेलेरिओ एएमटीत आणली आणि काही वर्षांनी अप्पाने ती घेतली. जुन्या झेनला पुण्यात कुणी विचारेना. इंजिन उत्तम, बॉडीला गंज नाही, मग भंगारात कशाला घालायची म्हणून ती माझ्याकडे आली. मी धाराशिवला कनिष्ठ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवते. गाडीचा नंबर अजून एमएच-12च आहे. राज्य तेच असल्यामुळे पत्ता बदलला तरी नंबर बदलावा लागत नाही. पार्किंगमध्ये आमच्या एमएच-25च्या रांगेत ती लगेच ओळखू येते.

गावात तिचा त्रास काहीच नव्हता. घर, कॉलेज, मंडई, एवढ्यात गिअरबॉक्सची परीक्षा होत नाही. पण आमच्याकडे डोळ्याच्या डॉक्टरपासून लग्नाच्या बस्त्यापर्यंत बरंच काही सोलापूरला असतं, आणि सोलापूरहून येताना तुळजापूरच्या अलीकडे घाट आहे. ज्यांनी सह्याद्रीतले घाट पाहिलेत ते याला घाट म्हणणार नाहीत. तरी बालाघाटाच्या पठारावर चढायचं म्हणजे चढायचंच, आणि एप्रिल-मेमध्ये दुपारी तीनला चढायचं म्हणजे गाडीने आपलं खरं वय सांगायचं. झेनने सांगितलं. ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनाचा आवाज चढे, गाडी मात्र त्या मानाने पुढे सरकत नसे. नंतर सपाटीवरही 'डी'मध्ये टाकल्यावर ती क्षणभर काहीच करायची नाही आणि मग एकदम हिसका देऊन निघायची. रिव्हर्स ठणठणीत होता. शेवटी एकदा घाट संपल्यावर, तुळजापूर दिसत असताना, ती पुढे जायचीच थांबली. इंजिन चालू, गिअर 'डी'त, आणि गाडी जागच्या जागी.

रस्त्यावर अशा वेळी मदतीला येणारा पहिला माणूस दोरी घेऊनच येतो. एका पिकअपवाल्याने टोचन करून देतो म्हटलं. मी अप्पाला फोन लावला. त्याने एकच गोष्ट बजावली: पुढची चाकं जमिनीला टेकवून ओढू देऊ नकोस. कारण साधं आहे. या गिअरबॉक्समध्ये तेल फिरवणारा पंप इंजिनाच्या जोरावर चालतो, चाकांच्या नाही. इंजिन बंद ठेवून गाडी ओढली की आतले भाग फिरत राहतात, पण त्यांना तेल पोचत नाही. आधीच मोडलेला गिअरबॉक्स जपायचा म्हणजे गंमतच होती, पण तेव्हा तो मोडलाच आहे हे ठरलं नव्हतं. झेन पिकअपच्या हौद्यात चढून धाराशिवला आली. चढवताना जमलेल्यांपैकी एकाने विचारलं, "धक्का मारून चालू हुईत न्हाई का?" धक्का देऊन ऑटोमॅटिक चालू होत नाही हे त्याला पटवायला मला फार वेळ लागला आणि त्याला ते पटलं नाही.

एमआयडीसीकडे जाणाऱ्या रस्त्याला ज्या वस्तादांचं गॅरेज आहे त्यांच्याकडे मी गेली बरीच वर्षं जाते. त्यांनी बॉनेट उघडलं, गिअरबॉक्सच्या तेलाची पट्टी ओढली, फडक्यावर पुसली आणि नाकाशी धरली. हे तेल मुळात लाल असतं. फडक्यावर उमटलं ते काळपट तपकिरी, जळक्या वासाचं. आतल्या क्लचांच्या चकत्या झिजून त्यांची भुकटी तेलात उतरली होती.

"मॅडम, खोटं बोलत न्हाई," वस्ताद म्हणाले. "बोलेरो म्हणा, पिकअप म्हणा, ट्रॅक्टर म्हणा, कुठलाबी गिअरबॉक्स आणा, रातच्याला लाईट नसताना खोलून बसवतो. ह्ये खोलता यील. पर बसवल्यावर चाललं का न्हाई ह्ये मी सांगू शकत न्हाई."

मला हे वाक्य आवडलं. ज्याला येत नाही असं सांगता येतं त्याच्याकडेच गाडी ठेवावी. पुण्यात ऑटोमॅटिक गिअरबॉक्स दुरुस्त करणाऱ्या एका ठिकाणी फोनवर चौकशी केली. सुटे भाग बाहेरून मागवावे लागतील, किती दिवस ते सांगता येत नाही, आणि खर्चाचा अंदाज गाडीच्या बाजारभावाच्या पुढे जाणारा. तो आकडा वस्तादांना सांगितला. त्यांनी चहा संपवला आणि म्हणाले, "मग ह्ये काढून टाकू. साधा बसवू. झेनचा साधा गिअरबॉक्स सोलापुरात भंगारात घावतो."

मला खरं तर हे पटत नव्हतं. खर्चाचा हिशेब पटत होता, काम पटत नव्हतं. आपण जे काढणार होतो ते बसवणार होतो त्यापेक्षा कमी दर्जाचं यंत्र नव्हतं, उलट जास्त हुशार होतं. त्याचा दोष एवढाच की ते समजणारा माणूस साडेतीनशे कोसांवर असल्यासारखा लांब होता. शिवाय क्लचचं पॅडल बसलं की ही गाडी ज्याच्यासाठी घेतली होती त्यालाच ती चालवता येणार नव्हती. अप्पाला फोन करून हे सांगितलं. तो म्हणाला, "काढ. माझी आठवण म्हणून दारात उभी करून ठेवलीस तर उंदरं वायरिंग खातील. आणि मला चालवायला माझी आहे की." वर त्याने मला एक चिमटाही काढला. त्याची नवी एएमटी म्हणजे खाली साधाच गिअरबॉक्स आणि साधीच क्लच प्लेट असते. फक्त क्लच दाबायला आणि गिअर टाकायला माणसाच्या हातापायाऐवजी तेलाच्या दाबावर चालणारी यंत्रणा बसवलेली असते. "तुझे वस्ताद जे बसवणारेत तेच माझ्याकडे आहे," तो म्हणाला, "फक्त माझ्याकडे पाय कंपनीने दिलाय."

अपघातात चेपलेल्या एका झेनचा गिअरबॉक्स सोलापुरात मिळाला. वस्तादांनी नुसता गिअरबॉक्स आणला नाही. त्याच गाडीचं फ्लायव्हील, पॅडलचा संच, गिअरचा दांडा, दोन्ही बाजूंचे ड्राईव्ह शाफ्ट आणि गिअरबॉक्स ज्यावर टेकतो ते रबरी माउंटिंग असा सगळा संसार ते उचलून घेऊन आले. हे शहाणपण मला नंतर कळलं. ऑटोमॅटिक आणि साध्या गिअरबॉक्सचा आकार वेगळा, त्यामुळे शाफ्ट आणि माउंटिंग जुळतीलच असं नाही. एकाच गाडीतून सगळं घेतलं की ही माणसं एकमेकांना ओळखतात. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग मात्र नवीन, पुण्याच्या नाना पेठेतून. तिथल्या मोटार पार्टच्या दुकानात झेनचं क्लचचं सामान अजून सहज मिळतं. झेन बंद झाली 2006 मध्ये, पण या देशात मारुती मरत नाही.

काम सुरू झालं तेव्हा कॉलेजला सुट्टी लागली होती, म्हणून मी रोज जाऊन बसत असे. बसत असे म्हणजे सुरुवातीला खुर्चीवर, नंतर स्टुलावर, शेवटी गाडीखाली पसरलेल्या पोत्यावर. वस्तादांच्या हाताखाली आयटीआय झालेला एक मुलगा होता. त्याने टॉर्क कन्व्हर्टर पुस्तकातल्या आकृतीत पाहिला होता, परीक्षेत काढलाही होता, पण खरा कधी पाहिला नव्हता. मीही नाही. त्यामुळे त्या गॅरेजात आम्ही तिघंही या बाबतीत एकाच इयत्तेत होतो, फक्त वस्तादांच्या हाताला चाळीस वर्षांची सवय होती.

आधी बॅटरी निघाली, तिच्याखालचा ट्रे निघाला. मग गिअरबॉक्सवर येणाऱ्या वायरींची जोडणी सुटी करून प्रत्येक टोकाला मी कागदी चिकटपट्टीवर नाव लिहून लावलं. स्पीडोमीटरची केबल, गिअरच्या दांड्याकडून येणारी केबल, ॲक्सिलरेटरशी जोडलेली एक बारीक केबल. ही शेवटची मला सगळ्यात चतुर वाटली. तुम्ही ॲक्सिलरेटर किती दाबलाय ते ती गिअरबॉक्सला सांगते, म्हणजे चढावर पाय खाली गेला की गिअरबॉक्स खालचा गिअर धरून ठेवतो. नंतर रेडिएटरच्या खालच्या टाकीकडे जाणारे दोन बारीक पाईप. गिअरबॉक्सचं तापलेलं तेल त्यातून रेडिएटरमध्ये जाऊन निवून परत येतं. पाईप सोडल्यावर त्यातून निघालेलं तेल बघून पोऱ्या म्हणाला, "वस्ताद, आमटी हाय ही." वस्तादांनी त्याला बोळा आणायला पिटाळलं.

इंजिन वरून लोखंडी आडव्या दांड्याला साखळीने टांगलं, कारण गिअरबॉक्स काढला की त्या बाजूचा आधार जातो. दोन्ही शाफ्ट उपटून काढले. आणि मग खालचा पत्र्याचा लहानसा दरवाजा उघडल्यावर आत ते दिसलं.

टॉर्क कन्व्हर्टर म्हणजे लोखंडी पत्र्याचं बंद, फुगीर भांडं. वस्तादांनी बघताक्षणी त्याचं नाव भोपळा ठेवलं आणि पुढे शेवटपर्यंत तेच राहिलं. भांड्याच्या एका अर्ध्याला आतून पाती असतात. हा अर्धा इंजिनाबरोबर फिरतो आणि आतलं तेल बाहेरच्या कडेकडे फेकतो. समोर पात्यांचं दुसरं चाक असतं, ते गिअरबॉक्सच्या दांड्यावर बसलेलं. फेकलेलं तेल त्याच्यावर आदळतं आणि ते फिरायला लागतं. मधोमध तिसरं छोटं चाक, स्टेटर. परतीच्या तेलाचा ओघ वळवून तो पहिल्या चाकाला पुढे ढकलेल अशा दिशेने पाठवतो, आणि त्यामुळे गाडी उठताना इंजिनाचा पीळ वाढून मिळतो. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यात लोखंडाची पक्की जोडणी कुठेच नाही, सगळा व्यवहार तेलातून. म्हणून सिग्नलला गिअरमध्ये उभी राहिली तरी गाडी बंद पडत नाही. आणि म्हणूनच घाटात ती तापते, कारण दोन चाकांच्या वेगात जो फरक राहतो तो सगळा उष्णता होऊन तेलात उतरतो. जर्मनीच्या हर्मान फ्योटिंगर याने 1905 मध्ये या कल्पनेचं पेटंट घेतलं तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर मोटार नव्हती, जहाज होतं. वाफेचं टर्बाइन फार वेगाने फिरायचं, पाण्यातल्या पंख्याला तेवढा वेग चालत नव्हता, त्या दोघांमध्ये काहीतरी घालायला हवं होतं. मोटारीत कन्व्हर्टर रुळला तो अमेरिकेत, 1948 च्या ब्युइक डायनाफ्लोपासून. तिथून तो जपानमार्गे आमच्या एमआयडीसी रोडवर आला होता, निरोप घ्यायला.

हा भोपळा इंजिनाच्या क्रँकशी थेट जोडलेला नसतो. मध्ये एक पातळ पोलादी चकती असते, ड्राईव्ह प्लेट. साध्या गाडीत जिथे जाडजूड बिडाचं फ्लायव्हील असतं तिथे ऑटोमॅटिकमध्ये ही प्लेट. फ्लायव्हीलचं वजनाचं काम तेलाने भरलेला भोपळाच करतो, त्यामुळे प्लेट जाड असायची गरज नाही. तिच्या कडेला दातांची रिंग, ज्यात स्टार्टर अडकतो. भोपळा या प्लेटला बोल्टांनी धरलेला, आणि ते बोल्ट त्या लहान दरवाजातून एका वेळी एकच दिसतात. पुढचा दिसायला इंजिन फिरवावं लागतं. हे काम मला मिळालं. चारही प्लग काढले, म्हणजे आत दाब धरत नाही, आणि पुढच्या पुलीच्या बोल्टला पाना लावून मी क्रँक हळूहळू फिरवायची. खालून पोऱ्या ओरडायचा, "आला, आला, थांबा!" वर्गात मी मुलांना टॉर्क शिकवते. दांड्याच्या टोकाला धरलं की सोपं, जवळ धरलं की अवघड. तीस-पस्तीस वर्षं फळ्यावर लिहिलेली गोष्ट मनगटाने पहिल्यांदा तपासली.

वस्तादांना न शिकवता एक गोष्ट कळली होती: गिअरबॉक्स आणि भोपळा एकत्रच मागे घ्यायचे. भोपळ्याच्या नळीला खाचा असतात आणि त्या गिअरबॉक्समधल्या तेलपंपात अडकलेल्या असतात. भोपळा इंजिनावर लटकत ठेवून गिअरबॉक्स ओढला तर पंपाच्या खुंट्या मोडतात. आमच्या गिअरबॉक्सचं काही मोडलं तरी आता फरक पडणार नव्हता. पण वस्ताद म्हणाले, "काढताना मोडायची सवय लागली की बसवतानाबी लागती." गिअरबॉक्स जॅकवर तिरका होत खाली आला, तेव्हा भोपळा घसरून पुढे आला आणि आतलं उरलेलं तेल माझ्या चपलांवर सांडलं. त्या चपला मी अजून गॅरेजला जाताना घालते.

आता इंजिनाच्या पाठीवर उरली ती ड्राईव्ह प्लेट. सगळ्या कामात वेळ खाल्ला तो तिने. बोल्ट गोल मांडलेले, दिसायला किरकोळ, पण कंपनीने आट्यांना गोंद लावून कसलेले, आणि त्यावर वीस वर्षांची उष्णता. पाना लावला की बोल्ट सुटायच्या आधी क्रँकच फिरायचा. पोऱ्याने दातांत मोठा स्क्रूड्रायव्हर अडकवला. वस्ताद खवळले. प्लेट वाकली तर वाकू दे, पण तो स्क्रूड्रायव्हर ॲल्युमिनियमच्या ब्लॉकवर टेकलेला होता. या झेनचं 993 सीसीचं इंजिन ब्लॉकपासून ॲल्युमिनियमचं आहे, हलकं आणि नाजूक. कडेचा टवका उडाला असता तर गिअरबॉक्स कायमचा तिरका बसला असता. त्यांनी भंगारातून एक पट्टी शोधली, तिच्या एका टोकाला दात बसतील अशी खाच घासली आणि दुसरं टोक गिअरबॉक्सच्या बोल्टच्या भोकात बोल्ट घालून पक्कं केलं. क्रँक जागच्या जागी थांबला. मग गोटी पान्याला लांब पाईप लावून ताण द्यायचा आणि ताण असतानाच हातोडीने एक आखूड ठोका. नुसता ताण नाही, नुसता ठोका नाही. असे एकेक करून बोल्ट करकरत सुटले. एक राहिला.

त्या एका बोल्टचं डोकं गोल झालं. पान्याला धरायला कोपराच राहिला नाही. छिन्नीने कडेला खाच पाडून उलटा ठोकून पाहिला. डोक्याचे तुकडे निघाले, बोल्ट जागेवर. गॅसने तापवायचं म्हटलं तर मागेच क्रँकचं ऑईल सील आणि भोवती ॲल्युमिनियम. वस्तादांनी त्या दिवशी काम बंद केलं, हे त्यांचं नेहमीचं आहे. हट्टाला पेटलेल्या वस्तूशी ते संध्याकाळी बोलत नाहीत. दुसऱ्या दिवशी शेजारचा वेल्डर आला. बोल्टच्या उरलेल्या डोक्यावर एक मोठा नट ठेवून त्याने नटाच्या पोकळीतून आत वेल्ड भरलं. यात दोन कामं एकदम होतात. पान्याला धरायला नवं डोकं मिळतं, आणि वेल्डची उष्णता फक्त बोल्टच्या दांड्यात उतरून आट्यांमधला गोंद जळतो. थोडं निवू दिलं, पाना लावला, आणि बोल्ट इतका निमूटपणे निघाला की पोऱ्या हसला. प्लेट सुटली तेव्हा तिच्यामागे क्रँकचं टोक दिसलं, मधलं भोक गंजाने लालसर झालेलं. ते घासून साफ केलं.

ते भोक बघून वस्तादांना जुन्या जीपा आठवल्या. जीपच्या क्रँकच्या टोकात गिअरबॉक्सच्या दांड्याला टेकण म्हणून पितळी बुश बसवलेला असतो. तो आंधळ्या भोकात बसलेला, मागून ठोकायला जागा नाही. "मग काय करायचं सांगा, मॅडम." मी म्हटलं पुलर. ते म्हणाले पुलर कुणाकडं होता तेव्हा. भोकात ग्रीस दाबून भरायचं, बुशमध्ये घट्ट जाईल अशी सळई वर ठेवायची आणि हातोडा मारायचा. ग्रीस दबत नाही, ते बुशच्या मागे जाऊन त्यालाच बाहेर ढकलतं. ग्रीस परवडत नसे तेव्हा ते भिजवलेल्या वर्तमानपत्राचा लगदा वापरत. आमच्या पुस्तकात पास्कलचा नियम आहे आणि त्यासमोर हायड्रॉलिक जॅकचं चित्र आहे. त्याच्या पुढच्या वर्षीपासून मी जीपचा बुश सांगते. मुलं जास्त लक्ष देतात. आमच्या झेनमध्ये मात्र त्याची गरज नव्हती. तिचं टेकणाचं बेअरिंग फ्लायव्हीलमध्ये असतं, आणि ते टेबलावर ठेवून मागून ठोकता येतं.

इंजिनाची पाठ उघडी आहे तर क्रँकचं ऑईल सील बदलून घेतलं. नंतर ते गळलं असतं तर एवढं सगळं पुन्हा काढावं लागलं असतं. फ्लायव्हील टर्नरकडे नेऊन लेथवर त्याचा चेहरा एक हात घासून आणला. बोल्ट मात्र जुने चालत नाहीत. पातळ प्लेटचे बोल्ट आखूड, फ्लायव्हील जाड. आखूड बोल्ट लावले तर आट्यांत दोन-तीनच फेरे धरतील आणि एक दिवस फ्लायव्हील गिअरबॉक्सचं कवच फोडून बाहेर येईल. लांब बोल्ट नाना पेठेतूनच मागवले.

बाकीचं भराभर झालं. क्लच प्लेट मधोमध बसवायला वस्तादांकडे जुन्या गिअरबॉक्सचा तोडलेला दांडा आहे, त्याने सगळ्या मारुत्या होतात. ऑटोमॅटिकचं रुंद ब्रेक पॅडल निघालं, अरुंद बसलं, शेजारी क्लच आला. रेडिएटरच्या तेलाच्या दोन तोंडांना रबरी टोप्या घातल्या. वायरमनने एकच महत्त्वाची गोष्ट केली. ऑटोमॅटिक गाडी फक्त 'पी' किंवा 'एन'मध्ये असताना स्टार्ट होते, त्यासाठी गिअरबॉक्सवर एक स्विच असतो. तो स्विच गेल्यावर स्टार्टरला परवानगी देणारं कुणी राहिलं नाही, म्हणून त्या दोन वायरी कायमच्या जोडल्या. रिव्हर्सच्या दिव्याच्या वायरी नव्या गिअरबॉक्सच्या स्विचला. बाकीच्या सगळ्या, मी नावं लिहिलेल्या, टेप गुंडाळून बाजूला बांधून ठेवल्या. काढून टाकू का म्हणून वायरमनने विचारलं, मी नको म्हटलं. का ते मला नीट सांगता आलं नसतं.

कागदांचं मी आधीच पाहून ठेवलं होतं. आरसी बुकात इंजिन नंबर असतो, चासी नंबर असतो, इंधन, रंग, बैठक असते. गिअर हाताने पडतात की आपोआप, याचा रकाना माझ्या बुकात नाही. विमा कंपनीला तेवढं पत्राने कळवलं.

गाडी चालू झाली आणि पहिली चक्कर वस्तादांनी मारली, येडशीच्या दिशेने. परत आल्यावर किल्ली माझ्या हातात देत म्हणाले, "आता कुठंबी बंद पडू द्या. कुणीबी नीट करील." याहून मोठी शिफारस त्यांच्याकडे नाही. गाडी हलकी झाल्यासारखी वाटते, घाट तिसऱ्या गिअरमध्ये चढते, पेट्रोल कमी खाते. तरी पहिल्या काही आठवड्यांत सिग्नलला थांबले की मी क्लच विसरायची आणि गाडी गचका देऊन बंद पडायची. या गाडीत बसून ऑटोमॅटिकची सवय लागली होती ती अशी जाते थोडीच. अप्पा नवरात्राआधी आला तेव्हा शेजारच्या सीटवर बसून तुळजापूरला आला. त्याने सूचना केल्या त्या सगळ्या गिअर बदलण्याबद्दल होत्या. आयुष्यात ज्याने एकदाही क्लच दाबला नाही त्याच्याकडून हे ऐकून घेतलं.

काढलेल्या गिअरबॉक्सचं ॲल्युमिनियम भंगारवाल्याने वजनावर नेलं. भोपळा मी दिला नाही. टर्नरकडे नेला आणि त्याची वेल्डची कड लेथवर कापून घेतली. दोन अर्धे वेगळे झाले तेव्हा आत काळा चिखल होता, तो डिझेलने धुतला. पाती, समोरची पाती, मध्ये स्टेटर. हा स्टेटर हाताने एका बाजूला फिरवला की सरळ फिरतो, उलटा फिरवला की अडतो; आतल्या रोलरांची करामत. बारावीच्या मुलांच्या हातात दिला की तास संपेपर्यंत तो एका बाकावरून दुसऱ्या बाकावर फिरत असतो.

अडचण आली ती प्रयोगशाळा सहायकाकडून. डेडस्टॉक रजिस्टरमध्ये नोंद नसलेली वस्तू कपाटात ठेवता येत नाही, आणि बिल नसलेल्या वस्तूची नोंद करता येत नाही. उपाय त्यांनीच सुचवला: देणगी दाखवू, देणगीदाराचं पत्र आणा. अप्पाने पुण्याहून पत्र पाठवलं. त्यात वस्तूचं नाव, किंमत आणि स्थिती लिहायची होती. किंमत त्याने भंगाराच्या दराने वजन गुणून काढली. स्थितीपुढे लिहिलं, "अर्धवट". सहायक म्हणाले असा शब्द रजिस्टरमध्ये चालत नाही, चालू किंवा बंद एवढंच चालतं. मग मी त्यांना स्टेटर फिरवून दाखवला. त्यांनी दोन्ही बाजूंनी फिरवून पाहिला आणि "चालू" लिहिलं.